फिजीचा वकील आणि समुद्राची वाटणी

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी उभारलेलं सचिवालय एकच, पण त्यात सरकारं दोन बसतात. विधानसभेची इमारत एक, सभागृहं दोन. उच्च न्यायालय तर दोघांत मिळून एकच. १ नोव्हेंबर १९६६ रोजी जुन्या पंजाबातून हरियाणा वेगळा निघाला, तेव्हापासून ही भागीदारी कुरबुरत का होईना, चालू आहे. पाण्याचं मात्र जमलं नाही. सतलजचं पाणी यमुनेकडे नेणारा कालवा २१४ किलोमीटरचा. त्यातले १२२ पंजाबात, ९२ हरियाणात. ८ एप्रिल १९८२ रोजी पतियाळा जिल्ह्यातल्या कपुरी गावी इंदिरा गांधींनी पहिली कुदळ मारली. हरियाणाने आपल्या वाट्याचं काम केलं, पंजाबातलं अडलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पंजाबला कालवा पुरा करायला सांगितलं. २००४ मध्ये पंजाब विधानसभेने पाणीवाटपाचे जुने करारच कायदा करून मोडीत काढले. २०१६ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनेला धरून नसल्याचं मत दिलं. कालव्यातून पाणी अजून वाहिलेलं नाही. कृष्णा आणि म्हादईची भांडणं पाहिलेल्या मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटायचं नाही.

कपुरीच्या कुदळीनंतर बावीस दिवसांनी, ३० एप्रिल १९८२ रोजी, न्यूयॉर्कमध्ये दीडशे देशांनी जगातल्या सगळ्या समुद्रांच्या वाटणीचा मसुदा मताला टाकला. बाजूने १३०, विरोधात ४, तटस्थ १७. कुठल्या देशाचा अंमल किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत, मासे कोणाचे, तळाखालचं तेल कोणाचं, युद्धनौकांनी कुठून जायचं, आणि जिथे कोणाचाच अंमल नाही तिथलं धन कोणाचं, या सगळ्याची उत्तरं ३२० कलमांत आणि ९ परिशिष्टांत बसवली होती. जाता जाता सांगायला हरकत नाही, की संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयाच्या आराखड्यावर १९४७ मध्ये कॉर्बुझिए यांनीही काम केलं होतं. त्याचं श्रेय वॉलेस हॅरिसन या अमेरिकन वास्तुविशारदाकडे गेलं, याची खंत त्यांना राहिली. चंडीगडचं काम त्यांच्याकडे आलं ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी.

चंडीगडहून समुद्र हजार किलोमीटरच्याही पलीकडे आहे. तरी समुद्राच्या वाटणीची गोष्ट तिथून सुरू केली, कारण दोन शेजाऱ्यांना एक कालवा वाटून घेता येत नाही तिथे दीडशे देशांनी समुद्र कसा वाटून घेतला, हा प्रश्न तिथे उभं राहिलं की आपोआप पडतो. त्याच्या उत्तरातला मोठा भाग एका माणसापाशी येऊन थांबतो. तो अमेरिकेचा नव्हता, रशियाचा नव्हता, भारताचाही नव्हता. तो फिजीचा होता. नाव सत्य नंदन.

फिजी म्हणजे प्रशांत महासागरात विखुरलेली तीनशेहून अधिक बेटं. सगळ्यांची जमीन मिळून सुमारे १८,२७० चौरस किलोमीटर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित जास्त. इंग्रजांनी तिथे उसाचे मळे लावले आणि ते कसायला हिंदुस्थानातून माणसं नेली. ‘लिओनिडास’ नावाचं पहिलं जहाज १४ मे १८७९ रोजी फिजीला लागलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं पाच वर्षांच्या करारावर गेली. त्या कराराला, इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’ला, ते गिरमिट म्हणत. ही पद्धत मोडून काढावी असा ठराव १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडला तो आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो पडला, पण सभागृहातली हिंदी सभासदांची मतं गोखल्यांच्या बाजूने पडली आणि पुढच्या काही वर्षांत ही भरती थांबवणं सरकारला भाग पडलं. गोखले फिजीला कधी गेले नाहीत. तिथल्या मळ्यांवर त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

याच फिजीत, सुवा या राजधानीच्या गावी, १९३६ मध्ये एका भारतीय वंशाच्या घरात नंदन जन्मले. लंडनमध्ये त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन सुवामध्ये वकिली सुरू केली. १० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला आणि तीनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचा सभासद. नव्या देशाला परराष्ट्र खातं शून्यातून उभं करायचं होतं. नंदन वकिली सोडून त्यात गेले आणि न्यूयॉर्कच्या कचेरीत रुजू झाले.

छोट्या देशाच्या वकिलातीचं काम मोठ्यांना कळत नाही. अमेरिकेच्या शिष्टमंडळात मासे एकाकडे, तेल दुसऱ्याकडे, नौदल तिसऱ्याकडे, आणि हे तिघे आपापसातच भांडतात. फिजीकडे एवढी माणसंच नव्हती. एकाच माणसाला सकाळी सामुद्रधुन्यांच्या बैठकीत, दुपारी माशांच्या आणि संध्याकाळी द्वीपसमूहांच्या बैठकीत बसावं लागे. दमछाक खरी; पण महिनाभरात त्या माणसाला कुठल्या प्रश्नाचा धागा कुठल्या प्रश्नात अडकलाय हे मोठ्या शिष्टमंडळातल्या तज्ज्ञांपेक्षा नीट दिसू लागतं. शिवाय राजधानीतून रोज सूचनांची तार येत नाही, त्यामुळे बोलायला मोकळीक असते. नंदन यांची पुढची सगळी कारकीर्द या दोन गोष्टींवर उभी आहे.

समुद्राच्या प्रश्नाला तोंड फोडलं तेही एका बेटानेच. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या राजकीय समितीत बोलायला उभे राहिले. खोल समुद्राच्या तळावर मँगेनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट यांचे गोटे पडलेले आहेत, तंत्रज्ञान ज्यांच्याकडे आहे ते उद्या ते उचलून नेतील, तेव्हा हा तळ साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा म्हणून जाहीर करा, अशी त्यांची मागणी होती. माल्टाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. १९७० मध्ये महासभेने हे तत्त्व ठरावाने स्वीकारलं आणि डिसेंबर १९७३ मध्ये समुद्री कायद्याची तिसरी परिषद भरली. तिचे अध्यक्ष श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे. १९८० मध्ये ते वारले, तेव्हा ती जागा सिंगापूरच्या टॉमी कोह यांनी घेतली. माल्टा, श्रीलंका, सिंगापूर, फिजी. हा योगायोग नव्हे. समुद्राच्या बाबतीत अमेरिकेवर रशियाचा विश्वास नव्हता, रशियावर अमेरिकेचा नव्हता आणि दोघांवर बाकी जगाचा नव्हता. ज्याच्याकडे आरमारच नाही अशा माणसाच्या हाती कागद द्यायला कोणाचीच ना नव्हती.

नंदन या परिषदेच्या दुसऱ्या समितीचे रॅपोर्टर झाले. नाव साधं, काम जड. सभा चालवायची अध्यक्षाने. काय ठरलं, काय ठरत आलंय आणि ते कुठल्या शब्दांत मांडायचं हे पाहायचं रॅपोर्टरने. प्रादेशिक समुद्र, सामुद्रधुन्या, दोनशे सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र, द्वीपसमूह, भूवेष्टित देश हे सगळे विषय या एका समितीकडे होते. परिषदेने सुरुवातीलाच ठरवून घेतलं होतं, की सहमतीचे सारे मार्ग संपेपर्यंत कशावरही मतदान घ्यायचं नाही. मतदान नाही म्हटल्यावर संख्येचा जोर संपतो आणि मसुदा लिहिणाऱ्याचा सुरू होतो.

आधी त्यांच्या घरचा प्रश्न. फिजीच्या बेटांभोवती प्रत्येकी बारा मैलांचं वर्तुळ काढलं तर मधला समुद्र परका ठरत होता. एका बेटावरून आपल्याच दुसऱ्या बेटावर जाताना देशाबाहेर पडून परत आत यायचं. फिजी, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि मॉरिशस या चौघांनी एकत्र येऊन मागणी केली, की सर्वांत बाहेरची बेटं रेषांनी जोडा आणि आतलं सगळं पाणी आमचं धरा. मोठ्या आरमारांनी विरोध केला, कारण इंडोनेशियाचं पाणी बंद झालं तर हिंदी महासागरातून प्रशांतात जायचे रस्तेच बंद. शेवटी निघालेला तोडगा अंकगणिताचा होता. रेषेच्या आतल्या पाण्याचं जमिनीशी प्रमाण कमीत कमी १ ला १ आणि जास्तीत जास्त ९ ला १ असावं. एकेक रेषा १०० सागरी मैलांहून लांब नसावी, फार तर शेकडा तीन रेषा १२५ मैलांपर्यंत चालतील. आणि आतून परक्या जहाजांसाठी ठरलेले सागरी मार्ग मोकळे ठेवावेत. खालच्या मर्यादेमुळे ब्रिटन, न्यूझीलंड यांच्यासारखे मोठ्या बेटांचे देश आपोआप बाहेर राहिले, वरच्या मर्यादेमुळे कोणाला चार खडक जोडून महासागर गिळता येईना. फिजी नेमका बसला. त्याच्या वाट्याला पुढे सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरचं आर्थिक क्षेत्र आलं; जमिनीच्या सत्तर पट.

त्याहून अवघड होत्या सामुद्रधुन्या. प्रादेशिक समुद्र तीन मैलांवरून बारा मैलांवर न्यायला सगळे तयार होते. पण तसं केलं की जिब्राल्टर, होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मांदेब अशा शंभरावर चिंचोळ्या वाटा काठावरच्या देशांच्या पोटात जात होत्या. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचं एरवी कशावर पटत नसे. इथे दोघांचं म्हणणं एकच होतं: आमच्या नौका, विमानं आणि पाणबुड्या विनापरवाना गेल्या पाहिजेत. स्पेनसारखे काठावरचे देश म्हणत, आमच्या दारातून अण्वस्त्रं न्यायची तर आम्हाला विचारा.

१९७५ मध्ये ब्रिटन आणि फिजी यांनी मिळून एक छोटा खासगी गट बसवला. वसाहतीच्या पाशातून सुटून फिजीला पाचच वर्षं झालेली, आणि आता जुना धनी आणि जुनी वसाहत टेबलाच्या एकाच बाजूला. गटात मुद्दाम मध्यम भूमिकेचेच देश घेतले. ज्यांची बोटं टोकाच्या मागण्यांत अडकली होती त्यांना बाहेर ठेवलं. तिथे शिजलेला मजकूर जवळजवळ तसाच परिषदेच्या मसुद्यात गेला आणि आज तो कराराचा तिसरा भाग आहे. सामुद्रधुनीतलं पाणी काठाच्या देशाचंच, तिथलं प्रदूषण आणि वाहतूक यांबाबत त्याला नियमही करता येतील. पण न थांबता, सरळ पार होणाऱ्या नौकेला आणि विमानाला अडवायचा हक्क त्याला नाही. मालकी एकाला आणि वाट सगळ्यांना, अशी ती वाटणी होती.

या वाटणीतली नंदन यांची पद्धत नीट पाहिली तर दिसतं, की दोन बाजूंच्या मागण्यांचा मध्य ते काढतच नसत. बारा मैलवाल्याचे बारा आणि तीन मैलवाल्याचे तीन धरून साडेसातवर थांबणं हा त्यांचा धंदा नव्हता. समोरच्याला खरोखर काय हवंय ते ते शोधत. काठाच्या देशांना मान हवा होता आणि तेलगळतीपासून संरक्षण हवं होतं. आरमारांना मालकी नको होती, फक्त वाट हवी होती. दोघांना आपापलं मिळालं. सतलजच्या भांडणात असं कोणी का केलं नाही, असं विचारणं सोपं आहे. तिथे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला एकच पाणी हवं आहे आणि ते मोजून तेवढंच आहे. समुद्रात देवाणघेवाणीला जागा होती. माशांवर नमतं घेऊन सामुद्रधुनीत मिळवता येत होतं. म्हणून तर ‘सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं नाही’ हा नियम परिषदेने घालून घेतला होता. पाणीवाटपाच्या आपल्या लवादांपुढे एकाच नदीचं पाणी असतं, बदल्यात द्यायला दुसरं काही नसतं. हा फरक नंदन यांच्या कौशल्याचं मोल कमी करत नाही, पण लक्षात ठेवायला हवा.

जिथे देवाणघेवाणीला जागा कमी होती तिथे त्यांचाही कस लागला. १९७८ मध्ये परिषद अडून बसली, तेव्हा शिल्लक राहिलेले अवघड प्रश्न सात वाटाघाटी गटांना वाटून दिले. चौथ्या गटाचं अध्यक्षपद नंदन यांच्याकडे आलं आणि विषय होता भूवेष्टित देशांचा: नेपाळ, ऑस्ट्रिया, झांबिया यांच्यासारख्या, समुद्रच नसलेल्या देशांचा. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतचे मासे किनारी देशाचे ठरले, म्हणजे कालपर्यंत जे सगळ्यांचं होतं ते गेलं, त्यात आमचा वाटा कुठे, असं त्यांचं म्हणणं. किनारा नसलेले किंवा नावापुरता असलेले असे पन्नासहून अधिक देश एकजुटीने बसले होते. किनारी देश म्हणत, दया दाखवू, हक्क मिळणार नाही.

नंदन यांनी लिहिलेला तोडगा आज ६९ आणि ७० व्या कलमांत आहे. भूवेष्टित देशाला हक्क दिला. पण तो आपल्याच प्रदेशातल्या किनारी देशाच्या क्षेत्रात, तिथे उरलेल्या शिलकी माशांपैकी योग्य वाट्यापुरता, आणि अटी दोघांनी बसून ठरवायच्या. किती मासे शिलकी ते ठरवणार किनारी देशच. एकाला हक्क मिळाला, दुसऱ्याच्या हातात किल्ली राहिली. परिषद पुढे सरकली हे खरं. पण नेपाळची किंवा झांबियाची एकही मोठी मासेमारी नौका या कलमांच्या जोरावर समुद्रात उतरलेली नाही, हेही तितकंच खरं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या तोडग्यांतला हा सर्वांत पातळ. त्या खोलीत याहून दाट काही जमलं असतं, असंही मात्र वाटत नाही.

नऊ वर्षांच्या, अकरा अधिवेशनांच्या या खटाटोपानंतर १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे या गावी करार सह्यांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी ११९ सह्या पडल्या. भारताची त्यांत होती. सही करून घरी जायचं आणि संसदेची मान्यता सवडीने घ्यायची, ही सगळ्यांची रीत. फिजीने त्याच दिवशी मान्यतापत्रही दाखल केलं. जगातला पहिला देश.

पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नंदन यांना समुद्री कायद्यासाठी आपला खास प्रतिनिधी नेमलं, उपसरचिटणीसाच्या दर्जाने. त्याआधी ते ब्रसेल्सला फिजीचे राजदूत होते आणि मग परराष्ट्र खात्याचे सचिव. संयुक्त राष्ट्रांतलं हे पद त्यांनी १९९२ पर्यंत सांभाळलं. मधल्या काळात त्यांचा देश हादरला. १४ मे १९८७ रोजी, म्हणजे ‘लिओनिडास’ लागल्याच्याच तारखेला, कर्नल सितिवेनी राबुका यांनी भारतीय वंशाच्या खासदारांचं प्राबल्य असलेलं निवडून आलेलं सरकार बंदुकीच्या बळावर उलथवलं. सप्टेंबरात दुसरा उठाव झाला. गिरमिटियांच्या वंशजांनी हजारोंनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाची वाट धरली. पुढे १९९४-९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांतलं काम सुटल्यावर, नंदन यांनी पुन्हा फिजीचंच प्रतिनिधित्व केलं, तेही राबुका पंतप्रधान असताना. मुत्सद्द्याला सरकार निवडता येत नाही, देश असतो तोच.

त्याच १९८७ च्या ऑगस्टमध्ये या करारातून भारताच्या पदरात एक घसघशीत गोष्ट पडली, आणि तिची सुरुवात गोव्यात झाली होती. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातूंचा पहिला गोटा वर काढला. बटाट्याएवढे हे काळे गोटे चार-पाच किलोमीटर खोलीवर पसरलेले असतात. एकेक मिलिमीटर वाढायला त्यांना लाखो वर्षं लागतात. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी योग्य वेळ साधली. परिषदेच्या शेवटी, आधीच पैसा घातलेल्यांना खोल समुद्रात राखीव जागा देण्याचा ठराव झाला आणि त्यात फ्रान्स, जपान, सोव्हिएत संघ यांच्याबरोबर भारताचं नाव घातलं गेलं. विकसनशील देशांतलं ते एकच नाव. १७ ऑगस्ट १९८७ रोजी मध्य हिंदी महासागरातली दीड लाख चौरस किलोमीटर जागा भारताच्या नावे नोंदली गेली, जगातली पहिली. बाकीच्यांचे दावे प्रशांत महासागरात एकमेकांवर चढले होते. ते सोडवायला डिसेंबर उजाडला. ही नोंदणी करणाऱ्या पूर्वतयारी आयोगाचं सचिवालय नंदन यांच्या कार्यालयाकडे होतं.

करार मात्र अजून लागू झालेला नव्हता. समुद्रतळाविषयीचा त्याचा अकरावा भाग श्रीमंत देशांना मान्य नव्हता. पार्दो यांच्या कल्पनेतून निघालेल्या या भागात उत्पादनावर मर्यादा होती, तंत्रज्ञान सक्तीने द्यावं लागणार होतं आणि मानवजातीच्या वतीने खाणकाम करणारी एक कंपनी उभी राहायची होती. अध्यक्ष रेगन यांच्या अमेरिकेने याच भागासाठी १९८२ मध्ये विरोधात मत दिलं. ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी सहीपासून दूर राहिले. लागू व्हायला ६० देशांची मान्यता हवी होती आणि ती येत होती जवळजवळ केवळ गरीब देशांकडून. म्हणजे करार लागू झाला असता, पण खर्च उचलणारं कोणी नसतं.

जुलै १९९० मध्ये सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांनी अनौपचारिक सल्लामसलत सुरू केली. तिची धुरा नंदन यांच्याकडे होती. ३२० कलमांच्या कराराची गाठ न सोडता त्यातला एक भाग बदलायचा, आणि बदलला असंही म्हणायचं नाही, असं ते काम. ऑगस्ट १९९३ मध्ये कोणाचंच नाव नसलेला एक मसुदा टेबलावर आला. त्याच्या पहिल्या पानावर एका होडीचं चित्र होतं, म्हणून तो ‘बोट पेपर’ नावानेच ओळखला गेला. त्यातून २८ जुलै १९९४ चा अंमलबजावणी करार झाला; विरोधात एकही मत नाही. उत्पादनाची मर्यादा गेली, तंत्रज्ञानाची सक्ती गेली, कंपनी कागदावर उरली. गयानाने नोव्हेंबर १९९३ मध्ये साठावी मान्यता दिलेली होती. मूळ करार १६ नोव्हेंबर १९९४ रोजी लागू झाला. भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली.

पार्दोंचं स्वप्न इथे कातरलं गेलं, अशी टीका झाली आणि ती खोटी नाही. गरीब देशांनी बारा वर्षं जपलेल्या तरतुदी एका उन्हाळ्यात निघून गेल्या. पण जर्मनी, ब्रिटन, जपान आत आले. जगाच्या समुद्रांना एकच कायदा राहिला, दोन झाले नाहीत. नंदन यांनी तत्त्वापेक्षा नांदता करार पसंत केला. मलाही त्यांचं पटतं, जरी ज्या देशासाठी एवढी काटछाट केली ती अमेरिका शेवटी आलीच नाही.

दरम्यान दुसरी आग लागली होती. मासे सीमा पाळत नाहीत. दोनशे मैलांच्या आत कॅनडाने कॉडची मासेमारी रोखली तरी तेच मासे रेषेबाहेर गेले की युरोपचे ट्रॉलर त्यांना उचलत. १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडचा कॉड इतका आटला की कॅनडाला शतकानुशतकांची मासेमारी थांबवावी लागली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी यासाठी परिषद बोलावली आणि अध्यक्ष म्हणून नंदन यांना निवडलं. ती चालू असतानाच, ९ मार्च १९९५ रोजी, कॅनडाने खुल्या समुद्रात गोळ्या झाडून ‘एस्ताय’ हा स्पॅनिश ट्रॉलर पकडला. दोन मित्रराष्ट्रं माशांपायी भिडली होती आणि परिषद मोडायला एवढं पुरे होतं.

नंदन यांनी कॅनडा-स्पेनचं भांडण सभागृहात शिरू दिलं नाही आणि अध्यक्षाचा मसुदा स्वतः पुढे रेटला. ४ ऑगस्ट १९९५ रोजी तो मतदान न घेता मंजूर झाला. त्यातल्या दोन गोष्टी तेव्हा धाडसी होत्या. मासे कमी होताहेत असा पक्का पुरावा हाती नसला तरी सावधगिरी पाळायची. माहिती अपुरी आहे ही सबब चालणार नाही. आणि खुल्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या नौकेवर चढून तपासणी करण्याची सोय. तोवर खुल्या समुद्रात नौका फक्त आपल्या झेंड्याच्या देशाला उत्तर देई. हा करार २००१ मध्ये लागू झाला आणि २००३ मध्ये भारतही त्यात आला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर परराज्यांच्या ट्रॉलरशी होणाऱ्या आपल्या भांडणांना तो लागू होत नाही. ती देशाच्या आतली आहेत.

मार्च १९९६ मध्ये जमैकातल्या किंग्स्टन इथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे पहिले महासचिव म्हणून नंदन निवडून आले. पार्दोंनी ज्या वारशाची मागणी केली होती त्याचा राखणदार म्हणजे ही संस्था. दोनदा फेरनिवड होऊन २००८ च्या अखेरीपर्यंत ते तिथे राहिले. जुलै २००० मध्ये गोट्यांच्या शोधकामाची नियमावली त्यांच्या काळात झाली. २५ मार्च २००२ रोजी प्राधिकरणाने भारताशी पंधरा वर्षांचा करार केला. तोवर भारताने दीड लाखांपैकी निम्मी जागा नियमाप्रमाणे परत केली होती आणि ७५ हजार चौरस किलोमीटर हाती ठेवली होती. सरकारी अंदाजाप्रमाणे तिथे ३८ कोटी टन गोटे आहेत. व्यापारी खाणकाम तिथे किंवा आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर कुठेही अजून सुरू झालेलं नाही, आणि खोल समुद्रातल्या सजीवांविषयी आता जे कळू लागलं आहे ते पाहता ते लवकर सुरू न झालेलं बरं.

फेब्रुवारी २०२० मध्ये नंदन वारले. ज्या भाष्यग्रंथाच्या आधारे आज वकील या करारातल्या ओळींचा अर्थ लावतात, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या त्या अनेक खंडी ग्रंथाच्या संपादकांतही त्यांचं नाव आहे. म्हणजे लिहायचं त्यांनी, आणि त्याचा अर्थही पुष्कळसा त्यांनीच सांगायचा.

बेटांची ही परंपरा त्यांच्यापाशी थांबली नाही. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार २०२३ मध्ये झाला त्या परिषदेच्या अध्यक्ष सिंगापूरच्या रेना ली होत्या. राष्ट्रांवरची हवामानविषयक कर्तव्यं कोणती हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला तो वानुआतुने; न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्यावर मत दिलं.

समुद्री कायद्याच्या मूळ कराराला आज १६० हून अधिक देशांची मान्यता आहे. अमेरिकेची नाही. रेगन यांनी मार्च १९८३ मध्येच जाहीर केलं होतं, की समुद्रतळाचा भाग सोडून बाकीचे नियम अमेरिका रूढ कायदा म्हणून पाळेल. होर्मुझमधून आपल्या विमानवाहू नौका नेताना तिचं नौदल पार होण्याच्या ज्या हक्काचा हवाला देतं, तो फिजी आणि ब्रिटनच्या गटात लिहिलेल्या त्याच तिसऱ्या भागातला आहे.